डाख बसला होता, भिनला नव्हता: नळीखालच्या चौथ्या लगचं प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सफाईसाठी बंदूक उघडली. चारही पिना ठोकून बाहेर काढल्या, मागच्या शेपटाचा स्क्रू सोडला आणि नळी कुंद्यातून अलगद उचलली. नळी वर आली, पण तोंडाकडचा चौथा लग, म्हणजे नळीच्या पोटाला जोडलेला छोटा लोखंडी कान, लाकडातल्या खाचेतच राहिला. बोटाने ढकलला तर सहज हलला. नऊ महिन्यांपूर्वी मीच तो नळीला झाळला होता, आणि नीट झाळला आहे असं छातीठोकपणे सांगितलंही होतं.

त्या लगचं पुढे काय केलं, त्याआधी तो का सुटला हे कसं शोधलं, ते इथे सविस्तर मांडतो. तोंडाकडून दारू भरायच्या, म्हणजे ठासणीच्या बंदुका घडवणाऱ्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल. पण डाख देण्याचं काम ज्याच्या हाताखालून जातं, मग तो बंदुका घडवो, रेडिएटर दुरुस्त करो की पितळी समया जोडो, त्याला यातून काहीतरी कामाचं मिळेल असं मला वाटतं.

आधी बंदुकीबद्दल. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. या भागात बंदूक घडवण्याची परंपरा अठराव्या शतकापासूनची. नाझरेथ गावाजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग इथे मोरेव्हियन पंथाच्या लोकांचा बंदुकांचा कारखाना होता, आणि तिथून जवळच जेकब्सबर्गला आज लाँगरायफलचं संग्रहालय आहे. माझी बंदूक मात्र रायफल नाही. ती आतून गुळगुळीत नळीची, पक्षी टिपायची जुन्या धर्तीची 'फाउलर' आहे. गारगोटीचा चाप, मॅपलचा कुंदा जवळजवळ तोंडापर्यंत गेलेला. नळी ४२ इंच, म्हणजे १०६७ मिमी लांब आणि २० गेजची. एका पौंड शिशातून ज्या मापाच्या २० गोळ्या पडतात ते २० गेज, आणि त्याचा आतला व्यास १५.६ मिमी. नळी बुडाशी अष्टकोनी आहे, पुढे गोल होत बारीक होत जाते.

अशी लांब नळी कुंद्यात नुसती ठेवून भागत नाही. बुडाशी शेपटाचा स्क्रू तिला मागून धरतो आणि बाराचा धक्काही तिकडूनच लाकडात जातो. पुढची लांबी वर उचलू नये म्हणून नळीच्या पोटाला छोटे लोखंडी कान जोडतात. हे कान म्हणजे लग. लग लाकडातल्या खाचेत उतरतो आणि कुंद्याच्या एका बाजूने घातलेली बारीक पिन लाकडातून, लगच्या भोकातून, पुन्हा लाकडात जाते. इंग्रजी आणि अमेरिकन घडणीची ही पद्धत. फ्रेंचांनी आपल्या फौजी बंदुकांसाठी पुढे कुंद्याभोवती कड्या बसवल्या. आपल्याकडच्या जुन्या तोड्याच्या बंदुकांची नळीसुद्धा पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याच्या वादीने बांधलेली असे. तिला असा कान लागत नव्हता. पण कंपनीच्या फौजेच्या हातात दख्खनमध्ये जी ३९ इंची नळीची 'इंडिया पॅटर्न' बंदूक होती, तिची नळी लग आणि पिनांनीच कुंद्याला धरलेली.

कायद्याचं एक वाक्य इथेच सांगून टाकतो, कारण वाचणारे दोन्ही देशांत आहेत. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात तोंडाकडून भरायच्या जुन्या बनावटीच्या अशा प्रतिकृतींना सामान्य बंदुकांपेक्षा वेगळं धरलं आहे, राज्याराज्यांचे नियम मात्र निराळे आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय बंदूक बनवणंच काय, दुरुस्त करणंही गुन्हा आहे. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. त्यांनी असं काम परवानाधारक कारागिराकडेच न्यावं.

आता हा लग झाळायचाच का? अष्टकोनी नळीला लग बसवायचा सरळ मार्ग म्हणजे डोव्हटेल. नळीच्या पोटात ०.८ ते ०.९ मिमी खोल, तळाशी रुंद अशी आडवी खाच कानशीने काढायची आणि लग त्यात आडवा ठोकून बसवायचा. त्याला ना आग लागते ना डाख. माझा पहिला लग तसाच आहे, कारण तिथे नळीची भिंत साडेचार मिमीच्या आसपास आहे. चौथ्या लगपाशी नळीचा बाहेरचा व्यास १८.८ मिमी. त्यातून १५.६ वजा करून निम्मे केले की भिंत उरते १.६ मिमी. त्यात ०.९ मिमीची खाच काढली तर ज्या भिंतीआड दारू पेटते ती ०.७ मिमीवर येते. गोल, पातळ नळीवर खाच काढायची नसते. तिथे लग झाळावाच लागतो. जुने कारागीर तो पितळ आणि टाकणखार वापरून भट्टीत लालबुंद तापवून झाळत. आम्ही आज बहुतेक जण कथलाच्या डाखाने झाळतो.

दुसरा, तिसरा आणि चौथा असे तीन लग मी मे महिन्यात झाळले होते. विकत आणलेले, ओतीव लोखंडाचे, २० मिमी लांब, ८ मिमी रुंद तळाचे. तळ सपाट. नळी पॉलिशपेपरने घासली, फ्लक्स (लोखंडावरचा ऑक्साइड काढणारं रसायन) लावला, लग तारेने बांधला, गॅसची ज्योत लगवर धरली, डाखाची तार टेकवली. डाख वितळला, लगच्या चारी बाजूंनी चमकदार गोलाई धरून बसला. बघायला फार सुंदर. त्या सुंदर कडेकडे बघून मी समाधान मानलं, ही पहिली चूक.

सुटलेला लग भिंगाखाली धरला तेव्हा जे दिसलं ते या प्रकरणाचं मर्म आहे. लगच्या तळाला डाखाचा जाड थर तसाच चिकटलेला होता. त्या थराचा नळीकडचा पृष्ठभाग गुळगुळीत, आणि त्यावर बारीक समांतर रेघा. नखाने चाचपल्या तर जाणवत होत्या. या रेघा नळीवर मी मारलेल्या कानशीच्या होत्या! डाखाने त्यांचा ठसा उचलला होता, मेणावर मोहोर उमटावी तसा. आणि नळीवर बघितलं तर मधोमध एक अरुंद, चंदेरी, खरखरीत पट्टी, दोन्ही बाजूंना करडं लोखंड, त्यावर फ्लक्सचा तपकिरी, काचेसारखा थर आणि त्याच्या कडेला गंजाचे ठिपके.

फोटो काढून पुण्याला मामांना पाठवले आणि मग व्हिडिओ कॉल लावला. मामांनी चाळीस वर्षं गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त केले. बंदुकीशी त्यांचा कधी संबंध आला नाही, पण डाख त्यांच्याइतका ओळखणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

"जरा उजेडात धर. असा नाही, तिरका धर," मामा म्हणाले. "दिसतंय का तुला? हा तुटलेला नाहीये."

"म्हणजे? मामा, अख्खा सुटून हातात आलाय."

"सुटलाय, तुटला नाही. तुटलेला डाख दोन्हीकडे राहतो, आणि खडीसाखर मोडल्यासारखा दाणेदार दिसतो. हा बघ कसा साच्यातून काढल्यासारखा आलाय. नळीवर डाख बसला होता रे, भिनला नव्हता. तू आग कुठे धरलीस?"

"लगवर."

"हं. आणि नळीला कल्हई?"

कल्हई केलीच नव्हती. मामा क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुकानात पोरगा नवीन आला की पहिले सहा महिने त्याला मी फक्त कल्हई करायला लावायचो. जोडायला द्यायचोच नाही."

मामांनी एका नजरेत जे ओळखलं ते मग मी मोजून पाहिलं. तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली, बसणी. सपाट तळ गोल नळीवर ठेवला तर तो एका रेघेवर टेकतो आणि कडांकडे फट वाढत जाते. नळीची त्रिज्या ९.४ मिमी आणि तळ ८ मिमी रुंद, म्हणजे मध्यापासून ४ मिमीवर फट निघते जवळपास ०.९ मिमी. वितळलेला डाख आपल्या ओढीने ज्या फटीत शिरतो ती फार तर ०.१५ मिमीची असावी लागते, त्याहून मोठ्या फटीत तो नुसता साचतो. माझ्या लगखाली ०.१५ मिमीपेक्षा कमी फट किती रुंदीत होती? हिशेब केला तर मध्यापासून दोन्हीकडे १.७ मिमी, मिळून साडेतीन मिमीच्या आतच. नळीवरची चंदेरी पट्टी कॅलिपरने मोजली, ती ३.२ मिमी भरली. कागदावरचा आकडा आणि लोखंडावरची खूण इतकी जुळली की मी तो कॅलिपर दोनदा शून्यावर आणून पुन्हा मोजलं. ८ मिमीपैकी साडेचार-पावणेपाच मिमी रुंदीत डाख फक्त भरताड होता.

दुसरी, आग. लग दहा ग्रॅमचाही नाही आणि नळी किलोभराहून जास्त. ज्योत लगवर धरली की लग काही सेकंदांत तापतो, डाख त्यावर वितळतो, पण नळी त्याची उष्णता दोन्ही दिशांना ओढून नेत राहते. वितळलेला डाख गार लोखंडावर पडतो आणि तिथेच गोठतो. दरम्यान लगच्या कडेचा फ्लक्स जळून काळा पडतो, आणि जळालेला फ्लक्स लोखंडावरचा ऑक्साइड काढायचं काम थांबवतो, उलट स्वतःच मध्ये पडदा होऊन बसतो. माझा डाख ९६ टक्के कथील आणि ४ टक्के चांदीचा, २२१ अंश सेल्सिअसला वितळणारा. लगच्या कडेला मात्र निळी झाक दिसत होती. घासून चकचकीत केलेलं पोलाद २२० च्या आसपास फिकट गवती पिवळं दिसतं, निळं व्हायला ३०० च्या जवळ जावं लागतं. म्हणजे लग गरजेपेक्षा ७०-८० अंश जास्त तापला होता आणि चार मिमीवर असलेली नळी पुरेशी तापलीच नव्हती.

तिसरी गोष्ट मामांना दिसणं शक्य नव्हतं, कारण ती लाकडात होती. लगमधलं पिनचं भोक मी नेमकं पिनच्या मापाचं, गोल ठेवलं होतं. ते तसं ठेवायचं नसतं. शेपटाच्या स्क्रूपासून चौथा लग ९५० मिमी पुढे. पोलादाची नळी एक अंशाला मीटरमागे सुमारे ०.०११५ मिमी वाढते. हिवाळ्यातली थंड खोली आणि उन्हाळ्यातल्या दुपारी बार काढून तापलेली नळी यांत ४० अंशांचा फरक धरला तर त्या ठिकाणी ०.४ मिमीहून जास्त सरक होते. लाकडाचं आकुंचन-प्रसरण निराळ्याच तालावर चालतं, इथल्या दमट उन्हाळ्यात ते फुगतं आणि हिवाळ्यात घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेत आक्रसतं. दोघांनी एकत्र नांदायचं तर भोक लांबोळं हवं, म्हणजे नळी पुढे-मागे सरकली तरी पिनला धक्का लागत नाही. माझी पिन फेब्रुवारीत एवढी घट्ट झाली होती की नेहमीपेक्षा जोरात ठोकावी लागली. तेव्हाच थांबायला हवं होतं.

पिन नळीच्या सालीपासून चार-पाच मिमी खाली असते. तिथून लांबीच्या दिशेने रेटा आला की लग सरकायला बघत नाही, कलंडायला बघतो, त्याची एक कड वर उचलू लागते. डाख सरकत्या जोराला चांगला टिकतो, पण कडेपासून सोलायला लागलं की हार मानतो. तव्याला चिकटलेलं थालीपीठ आडवं ढकलून सुटत नाही, एका कडेखाली उलथनं घातलं की सुटतं. इथे तर कडांना थालीपीठ चिकटलेलंच नव्हतं.

तिघांत मुख्य दोषी कोण? माझं मत स्पष्ट आहे. घट्ट भोकाने लग सोडवला, पण त्याला सोडवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. नीट भिनलेला डाख त्या रेट्याला पुरून उरला असता. तरीही भोक दुरुस्त न करता नुसता लग पुन्हा झाळला असता तर तोच रेटा दर हिवाळ्यात त्याच सांध्यावर येत राहिला असता.

मग प्रश्न राहिला दुसऱ्या आणि तिसऱ्या लगचा. ते बाहेरून धड दिसत होते, त्यांच्याही कडा तशाच चमकदार. छोट्या पितळी हातोडीने आडवं टकटक केलं. दुसऱ्याचा आवाज खणखणीत आला. तिसऱ्याचा बद्द. तिसऱ्याला पकडीने धरून बेताने पीळ दिला तर तो कुरकुरत निघाला, आणि खाली तेच चित्र, रेघांचा ठसा आणि अरुंद पट्टी. दुसरा निघाला नाही. तो मी आगीने सोडवला, कारण एकाच हाताने, एकाच दुपारी केलेल्या तीनपैकी दोन सांधे फसवे निघाले तर तिसऱ्यावर कुठल्या तोंडाने विश्वास ठेवायचा?

नवीन सांधा कसा करायचा यावर ओळखीच्या घडणाऱ्यांनी वेगवेगळं सुचवलं. एकाने चांदीच्या कडक डाखाने झाळायला सांगितलं. त्याला ६०० अंशांहून वर जावं लागतं, म्हणजे पोलाद अंधारात लालसर दिसू लागेल इतकं. जुन्या कारागिरांची नळी त्या वेळी कच्च्या घडणीतच असे, नंतर आतून छिलून साफ होई. माझी नळी आतून तयार, गुळगुळीत. त्या तापमानाला आत पापुद्रा धरेल, पातळ नळी वाकण्याचाही धोका. मी ते नाकारलं. इपॉक्सीने चिकटवण्याचा सल्लाही आला. कथलाचा डाख नीट दिला तर पुरतो, हे माझं गणित होतं. २० गुणिले ८, म्हणजे १६० चौरस मिमी तळ. प्रत्येक चौरस मिमीला फक्त २० न्यूटन धरले तरी ३२०० न्यूटन, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास वजन सरकत्या जोरात पेलेल. नळी खाली धरून ठेवायला याचा दहावा हिस्साही लागत नाही. अट एकच, तो सगळा तळ खरोखर चिकटलेला हवा.

मार्चमध्ये काम पुन्हा हातात घेतलं. सुरुवात नेहमीचीच: गज नळीत बुडापर्यंत सोडला, तोंडापाशी खूण केली, बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहिला. नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती आगीजवळ न्यायची नाही. ती आपल्याच घरातली असली, आपणच साफ करून ठेवलेली असली तरी नाही. दारूचा डबा आधीच दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवला होता.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो लगचे तळ नळीवर बसवायला, आणि हा वेळ द्यायलाच हवा. नळीवर, जिथे लग यायचा तिथेच, पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळला आणि लग त्यावर लांबीच्या दिशेने घासत राहिलो. पुढे-मागे, पुढे-मागे, लग जरासुद्धा न कलता. आधी तळाच्या मधोमध एक रेघ उजळते, मग उजळलेला भाग हळूहळू दोन्ही कडांकडे सरकतो. मधूनमधून तळावर मार्करची शाई फासून पाहायचं, काळं कुठे उरलं. एका लगला पाऊण तास गेला. कागदाच्या जाडीमुळे तळाची गोलाई नळीपेक्षा किंचित मोठी होते, पण पाव मिमीच्या कागदाने कडेला पडणारी फट ०.०२ मिमीच्या आसपास निघते, आणि डाखाला तेवढी जागा हवीच असते. शेवटी लग कोरड्या नळीवर ठेवून पाठीमागे दिवा धरला. उजेडाची रेघ कुठूनही आली नाही.

मग कल्हई. लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा भाता फिरवायला आम्हा पोरांत भांडणं व्हायची. भांडं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाचा बोळा असा फिरवायचा की क्षणात आख्ख्या बुडावर चांदणं पसरायचं. तांब्याऐवजी पोलाद आणि नवसागराऐवजी जस्त क्लोराइडचा फ्लक्स, एवढाच फरक. पोलादाला डाख तांब्यापेक्षा उशिरा धरतो, म्हणून पृष्ठभाग ताजा घासलेला हवा आणि घासल्यावर बोट लागता कामा नये. लगची कल्हई सोपी, तो छोटा आहे. नळीसाठी आधी लगच्या मापाची चौकट आखली आणि चौकटीबाहेर पेन्सिलीचं शिसं गडद घासलं, म्हणजे डाख पसरत नाही. मग ज्योत नळीच्या पाठीवर धरली, लग येणार त्याच्या नेमकी उलट बाजूला, आणि दोन्हीकडे पाऊण वीत फिरवत राहिलो. फ्लक्सला ज्योत लागू दिली नाही. डाखाची तार दर काही सेकंदांनी नळीला टेकवायची, ज्योतीला नाही. पहिल्यांदा ती नुसती घसरते. मग चिकटते. आणि मग एका क्षणी टोक नाहीसं होतं, डाख पाण्यासारखा सपाट पसरतो. जाड सुती फडक्याने एकदाच पुसलं. चौकटीभर अखंड, पातळ, आरशासारखा थर राहिला. एका कोपऱ्यात वाटाण्याएवढा करडा डाग होता, तिथे डाख मागे सरकून कडेला गोळा झाला होता. तेवढं पुन्हा घासून पुन्हा कल्हई केली. मे महिन्यात हाच करडा डाग प्रत्येक लगखाली पसरलेला होता आणि मला तो दिसायला वाव नव्हता, कारण मी आधीच वर लग ठेवला होता.

जोडताना बांधणीकडे लक्ष द्यावं लागतं. दोन्ही थर वितळले की लग केसभर खाली बसतो. स्क्रूची पकड लावली असेल तर तेवढ्याने ती सैल होते आणि लग पोहायला लागतो. म्हणून मऊ लोखंडी तारेचे दोन वेढे घेतले आणि लगच्या पाठीवर पत्र्याची छोटी कमान ठेवली, ती स्प्रिंगसारखी दाबत राहते. लग नळीच्या पोटाच्या मधल्या रेषेवर आहे का हे अष्टकोनाचा खालचा सपाट पैलू पातळीत ठेवून तपासलं. इथे दोन अंश चुकलं तर पिन तिरकी जाते. माशीही (नेम धरायचा तोंडाकडचा दाणा) त्याच डाखाने झाळलेली आणि चौथ्या लगपासून जेमतेम ६० मिमीवर, तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं. एरवी लग बसताना माशी उतरली असती.

पुन्हा पाठीकडून आग. कडेला चंदेरी रेघ आधी एका जागी लुकलुकली, मग चहूकडून एकत्र मिळाली. लग बसला, ते डोळ्यांना दिसतं. डाखाचा जास्तीचा दाणा टाकला नाही, कल्हईत होता तेवढाच पुरला. ज्योत बाजूला केली आणि हात मागे घेतले. या मिश्रणाचं एक बरं आहे, ते लापशीसारख्या अवस्थेत रेंगाळत नाही, एकदम गोठतं. निम्मं कथील, निम्मं शिसं असलेला डाख बराच वेळ लिबलिबीत राहतो आणि तेवढ्यात धक्का लागला तर आतून भेगाळतो. गोठताना रेघेवरची चमक किंचित मंद होते, ती होईपर्यंत टेबलालाही धक्का लावायचा नाही. पाण्यात बुडवून गार करायचं नाही. हाताला सोसेल इतकी नळी निवली की गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि ब्रश. जस्त क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंड खातं. पहिल्या वेळचे गंजाचे ठिपके त्याचेच. मग कोरडी करून तेल.

पिनची भोकं लाकडात आधीपासून होती, त्यामुळे नळी कुंद्यात बसवून, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने ड्रिल टेकवून लगवर नुसती खूण उमटवली. दोन्ही खुणा जुळल्यावरच भोक पाडलं. मग नळी काढून बारीक कानशीने प्रत्येक भोक लांबीच्या दिशेने वाढवलं: दुसऱ्या लगला ३ मिमी, तिसऱ्याला ४, चौथ्याला ५. पिन २ मिमीचीच. लाकडातली लगची खाचही पुढे-मागे एकेक मिमी मोकळी केली, नाहीतर भोक लांबोळं करून लगचं डोकं लाकडावर आपटत राहिलं असतं.

तपासणीसाठी नळी पोट खाली करून दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली, लगच्या भोकातून तार ओवून खाली २५ किलो वजन टांगलं आणि रात्रभर तसंच सोडलं. मग हातोडीची टकटक. तिन्ही लगचा आवाज एकसारखा, स्वच्छ. व्हिडिओ कॉलवर मामांना ऐकवला तर म्हणाले, "हां, आता बोलतोय." एप्रिलमध्ये रेंजवर पहिला बार बंदूक ठोकळ्यात बांधून, लांब दोरीने चाप ओढून काढला. दुसरा आणि तिसराही तसाच. मगच खांद्याला लावली.

नळीला तपकिरी रंग द्यायचा राहिला होता, तो मी जुन्या रीतीने, गंज चढवून आणि घासून दिला. कॉस्टिकच्या गरम टाकीतली काळी ब्लूइंग टाळली, कारण ते द्रावण कथलाचा डाख खातं. दुनळी बंदुकांच्या मधल्या पट्ट्या त्यानेच सुटतात.

ऑगस्टमध्ये, हवा ओलीगच्च असताना, पुन्हा उघडली. पिना अंगठ्याच्या दाबाने सरकल्या. चौथ्या लगच्या लांबोळ्या भोकात पिनने घासून एक चकचकीत खूण केली होती, मध्यापासून किंचित मागच्या बाजूला. जानेवारीत पुन्हा पाहिलं तर शेजारी दुसरी खूण होती, पुढच्या बाजूला. दोन्हींमधलं अंतर भिंगाखाली मोजलं, ते अर्ध्या मिमीच्या आसपास भरलं.

डाखाची रेघ दोन्ही वेळा जशीच्या तशी होती.